अर्ध्या वॅटसाठी

अप्पांच्या दवाखान्यात एक लाकडी पट्टी होती. हातभर लांब, वापरून वापरून काळी पडलेली. दर सोमवारी सकाळी ते कंटेनरचं बूच काढायचे, पट्टी गळ्यातून तळापर्यंत सोडायचे, दहा-पंधरा सेकंद धरायचे आणि बाहेर काढून हवेत हलवायचे. खालून जिथपर्यंत पांढरं हिम धरे, तिथपर्यंत द्रव नायट्रोजन. बोटं मोजून अंदाज घ्यायचा आणि वहीत लिहायचं. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्या नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, बुडवलेल्या असत. एका कांडीत पाव मिलीलिटर.

पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यात पाऊस कसा पडतो ते तिथे राहिलेल्यांनाच ठाऊक. मी आठवीत असताना दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि नायट्रोजनची गाडी बरेच दिवस आली नाही. कंटेनर जुना होता, आधीच जास्त पीत होता. एका सकाळी पट्टी कोरडी बाहेर आली. हिम नाही, नुसती गार. सगळ्या कांड्या वाया गेल्या. त्याच दिवशी एक आजी दोन मैलांवरून गाय घेऊन आल्या होत्या. गाय माजावर होती. माज दिवसभरही टिकत नाही, आणि एकदा चुकला की एकवीस दिवस थांबायचं. अप्पांनी त्यांना परत पाठवलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला होता.

महाराष्ट्रात गोठवलेल्या रेतमात्रांचं काम मोठं आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला सुरू केलेल्या बायफसारख्या संस्थेने ते शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं. पण त्या सगळ्या कामाच्या मुळाशी एक द्रव आहे आणि तो सतत उकळत असतो. डब्याला हात लावा न लावा, तो उडूनच जातो.

पुढे मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि पीएच.डी.साठी मुंबईत एका क्रायोजेनिक्सच्या, म्हणजे अतिशीत तापमानांवर काम करणाऱ्या, प्रयोगशाळेत आले. सरांनी विषय विचारला तेव्हा मी हा डबा सांगितला. डब्याच्या तोंडाशी एक छोटं शीतयंत्र बसवायचं, म्हणजे उडणारा नायट्रोजन जागच्या जागी पुन्हा द्रव होईल. सरांनी एकच प्रश्न विचारला, "लागतात किती वॅट?"

मला सांगता आलं नाही. गावाकडून एक निकाली काढलेला ३५ लिटरचा कंटेनर आणला, भरला आणि वजनकाट्यावर ठेवला. दिवसाला सुमारे २४० ग्रॅम कमी होत होते. द्रव नायट्रोजनची घनता लिटरला ८०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हे झाले ३०० मिलीलिटर. एक लिटर उकळायला सुमारे १६१ किलोज्यूल लागतात. भागाकार केला. दिवसाला ४८ किलोज्यूल, म्हणजे ०.५६ वॅट.

मी तो आकडा तीनदा तपासला. आमच्या दवाखान्यातल्या कांड्या ज्या उष्णतेने मेल्या ती अर्ध्या वॅटची होती. मोबाइल चार्जरसुद्धा याच्या दसपट घेतो. ती संध्याकाळ मला अजून आठवते, कारण इतकी वर्षं जे संकट डोंगराएवढं वाटत होतं ते एका ओळीच्या गणितात मावलं होतं.

अर्थात अर्धा वॅट उष्णता ७७ केल्विनवरून (म्हणजे त्याच उणे १९६ अंशांवरून) उचलून ३०० केल्विनच्या खोलीत आणून टाकायची तर निसर्ग त्याची किंमत घेतो. कार्नोच्या हिशोबाने दर वॅटला कमीत कमी २.९ वॅट काम लागतं. ही आदर्श यंत्राची गोष्ट. छोट्या खऱ्या यंत्राला त्याच्या कितीतरी पट लागतं. (द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनला तर आदर्श यंत्रालाही वॅटमागे ७० वॅट लागतात. त्या मानाने आम्ही उथळ पाण्यात होतो.) आम्ही उद्दिष्ट ठेवलं ७७ केल्विनला २ वॅट, वीज शंभर-सव्वाशे वॅट. खेड्यातल्या दवाखान्याला झेपेल एवढी.

यंत्र कुठल्या जातीचं घ्यायचं यावर फार वेळ गेला नाही. जूल-थॉमसन पद्धतीत नुसता नायट्रोजन वापरला तर दाब शंभर बारच्या वर जातो. गिफर्ड-मॅकमॅहनचं यंत्र भक्कम असतं, पण त्याचा कॉम्प्रेसर किलोवॉटमध्ये वीज घेतो. स्टर्लिंग सगळ्यांत कार्यक्षम. रॉबर्ट स्टर्लिंगने १८१६ साली पेटंट घेतलेलं इंजिन उलटं चालवलं की थंडी मिळते, आणि फिलिप्स कंपनीने आइंडहोव्हनला १९५०च्या दशकात त्यावर हवा द्रव करणारी यंत्रं करून दाखवली. पण स्टर्लिंगमध्ये थंड टोकाशी एक दट्ट्या हलत असतो. थंडीत हलणारा भाग म्हणजे झीज आणि दुरुस्ती. पाटणला दुरुस्ती कोण करणार?

म्हणून पल्स ट्यूब. हिच्या थंड भागात हलणारं काहीच नाही. गिफर्ड आणि लाँग्सवर्थ यांनी अमेरिकेत सिरॅक्यूजला १९६४ साली ही कल्पना मांडली, पण त्या रूपात ती फार खाली जात नव्हती. मॉस्कोत मिकुलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली नळीच्या गरम टोकाला एक बारीक छिद्र आणि त्यापुढे एक टाकी जोडली, आणि तापमान १०५ केल्विनपर्यंत उतरलं. एका छिद्राने! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवून बराच वेळ विचार करत बसले होते.

त्यामागचं काम असं चालतं. कॉम्प्रेसर हेलियमला सेकंदाला ५० वेळा ढकलतो आणि ओढतो. हेलियम आधी रीजनरेटरमधून (जाळीने भरलेल्या नळीतून, तिच्याबद्दल पुढे) जातो, मग थंड टोकातून, मग एका रिकाम्या नळीत शिरतो. नळीतला हेलियम स्वतःच दट्ट्यासारखा मागेपुढे होतो. दाब वाढला की तो तापतो, आणि दाब चढलेला असतानाच त्यातला थोडा नळीच्या गरम टोकाकडून टाकीकडे निघून जातो. जाताना तिथल्या पाण्याने गार केलेल्या तांब्याला उष्णता देतो. मग दाब उतरतो, उरलेला वायू फुगतो, गार होतो आणि थंड टोकावरून परत जातो. सगळी गंमत वेळेची आहे. वायू हलला कधी आणि दाब चढला कधी, या दोन्हींचा मेळ बसला पाहिजे. झोपाळ्याला धक्का द्यायचा तो क्षण चुकला तर कितीही जोर लावा, झोका चढत नाही. तसंच हे.

मेळ जुळवायला आम्ही छिद्राऐवजी इनर्टन्स ट्यूब घेतली, म्हणजे साडेतीन मिलिमीटर पोकळीची, काही मीटर लांब नळी. तिच्यातल्या वायूला जडत्व असतं, त्यामुळे तो जरा मागून हलतो. हेलियममध्ये आवाज सेकंदाला सुमारे हजार मीटर जातो. ५० हर्ट्झला तरंगलांबी होते २० मीटर, आणि तिचा चौथा भाग ५ मीटर. लांबी त्याच्या आतच कुठेतरी असणार एवढं आधी कळतं. नेमकी किती, ते यंत्रच सांगतं.

कॉम्प्रेसर प्रयोगशाळेत आधीच्या विद्यार्थ्यांनी केलेला होता. समोरासमोर दोन पिस्टन, एकमेकांची कंपनं मारणारे, चकतीसारख्या नागमोडी स्प्रिंगांवर तोललेले. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात पंधरा मायक्रॉनची फट, तेल नाही, घासणं नाही. ही स्प्रिंगांची पद्धत ऑक्सफर्डमध्ये उपग्रहांवरच्या शीतयंत्रांसाठी पक्की झाली. दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही अशा जागेसाठी केलेली वस्तू आपल्या डोंगरातल्या दवाखान्यालाही चालेल, असं मला तेव्हा मनापासून वाटलं होतं आणि आजही वाटतं.

माझं खरं काम रीजनरेटरपासून सुरू झालं. याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण क्रायोकूलर, म्हणजे असं शीतयंत्र, जगतो किंवा मरतो तो इथे.

रीजनरेटर म्हणजे स्टीलच्या जाळीच्या चकत्यांनी ठासून भरलेली नळी. वायू आत जाताना आपली उष्णता जाळीला देऊन गार होतो, परत येताना तीच उष्णता उचलून घेतो. एका टोकाला ३०० केल्विन, दुसऱ्याला ७७, आणि मध्ये जेमतेम ६० मिलिमीटर अंतर. आमच्या यंत्रात ही देवघेव सरासरी ३५० वॅटची होती. आता जाळीने १०० पैकी ९९ वॅट परत केले तर आपण शाबासकी देऊ. पण राहिलेला एक टक्का म्हणजे साडेतीन वॅट, आणि ते सरळ थंड टोकाला जाऊन पडतात. आम्हाला मिळवायचे होते एकूण दोन! म्हणजे ९९ टक्के हा नापासाचा निकाल. बारीक जाळी घ्यावी तर उष्णता छान झेलते, पण वायूला अडवते आणि दाबाची लाट थंड टोकापर्यंत पोचेपर्यंत मरते. जाड घ्यावी तर उलट. मी जाळीचे प्रकार, लांबी आणि व्यास बदलत संगणकावर काही शे हिशोब केले. शेवटी २० मिलिमीटर व्यास, ६० मिलिमीटर लांबी, ४०० मेशची जाळी यावर आले. ४०० मेश म्हणजे एका इंचात ४०० तारा, एकेक तार पंचवीस मायक्रॉनची. केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी.

मग नळीची जाडी. स्टील उष्णता कमी वाहतं म्हणून घेतलं, तांबं घेतलं असतं तर तीसपटीहून जास्त उष्णता आत आली असती. तरी स्टीलसुद्धा वाहतंच. हिशोब केला तर भिंतीच्या दर दशांश मिलिमीटरला पाव वॅटहून थोडं जास्त. ०.३ मिलिमीटरची भिंत ठेवली तर ०.८५ वॅट नुसते नळीतून, ०.२ ठेवली तर ०.५६. (तो डब्याचाच आकडा पुन्हा समोर आला.) मला ०.१५ हवी होती. पण आत २० बार दाब, त्यावर लाटेचे दोन-अडीच बार. ०.१५च्या भिंतीत ताण १५० मेगापास्कलला पोचतो, आणि ३०४ स्टीलला आम्ही १३८च्या वर जाऊ देणार नव्हतो. ०.२ ठरली.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये मी ड्रॉइंग घेऊन गेले तेव्हा मिस्त्रींनी कागद वर-खाली करून पाहिला. "मॅडम, पॉइंट दोनची भिंत लेथवर धरायची कशी? जॉब दाबला जाईल." दोन नळ्या दाबल्या गेल्या. मग त्यांनी स्वतःच युक्ती काढली. आतून आधी पूर्ण माप करून घ्यायचं, मग त्यात ॲल्युमिनियमचा मँड्रेल सरकवून आधार द्यायचा आणि बाहेरून कणाकणाने उतरवायचं. तिसरी नळी हातात घेतली तेव्हा ती कागदी वाटत होती. डायल लावून पाहिलं, गोलाई दोन शतांशात. त्या माणसाच्या हाताला सलाम आहे.

जाळी मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळाली. चकत्या कापायला पंच आणि डाय करून घेतली. एका चकतीची जाडी पन्नास-साठ मायक्रॉन, म्हणजे ६० मिलिमीटरला हजाराहून जास्त चकत्या. दिवसाला दीडशे कापून व्हायच्या. प्रत्येक भिंगाखाली बघायची, कडेला तार सुटलेली असली की बाद. चकती जरा लहान कापली गेली तर भिंतीकडेला फट राहते आणि वायू जाळी टाळून तिथून पळतो, मग ९९ सोडा, ९० टक्केही उरत नाहीत. ॲसिटोनमध्ये धुऊन, वाळवून, एकेक चकती नळीत सोडायची, दर वीस चकत्यांनंतर टेफ्लॉनच्या दांड्याने दाबायचं. गणिताप्रमाणे भरण ४७ ग्रॅम व्हायला हवी होती. पहिल्यांदा भरली ती ४४ ग्रॅम. तीन ग्रॅमचा फरक क्षुल्लक दिसतो, पण त्याचा अर्थ पोकळी ६९ऐवजी ७० टक्क्यांच्या वर गेली आणि चकत्या नीट बसलेल्या नाहीत. सगळ्या काढल्या, पुन्हा भरल्या. दुसऱ्यांदा ४६.६ आली.

ब्रेझिंगने तीन आठवडे खाल्ले, आणि ती चूक ड्रॉइंगमधली, माझी होती. तांब्याचं थंड टोक आणि स्टीलची नळी यांच्यात मी दोन शतांश मिलिमीटरची फट दिली होती, घट्ट बसावं म्हणून. चांदीच्या मिश्रधातूला आत शिरायला पाच ते दहा शतांश लागतात. सांधा बाहेरून चकचकीत दिसला, हेलियम लीक डिटेक्टरवरही पास झाला. थंड केल्यावर मात्र थंड भागाभोवतीच्या जॅकेटचा व्हॅक्यूम बिघडायला लागला. खोलीच्या तापमानाला बंद आणि थंडीत उघडणारी गळती. तिला शोधायला आम्ही तो सांधा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून काढायचो, पुन्हा तपासायचो. तिसऱ्या बुडीनंतर डिटेक्टरची सुई उठली. पुढचा तुकडा सहा शतांशांची फट देऊन केला. तेव्हापासून मी कोणताही सांधा तीन बुड्या दिल्याशिवाय बसवत नाही.

ऑगस्टमध्ये पहिल्यांदा यंत्र चालू केलं. व्हॅक्यूम चांगला, ॲल्युमिनियमच्या चकचकीत फिल्मचे वीस थर गुंडाळलेले. हे थर लागतातच, कारण खोलीच्या भिंती चौरस मीटरला साडेचारशे वॅट किरणांनी फेकत असतात, आणि आमचं थंड टोक तळहाताएवढंच असलं तरी त्यांना उघडं ठेवलं तर दोन वॅटची कमाई तिथेच संपते. तापमान झपाट्याने उतरलं. २५०, २००, १६०. प्रयोगशाळेतले सगळे येऊन बघत उभे राहिले. १४५ला वेग मंदावला. १३८ केल्विनला रेघ आडवी झाली.

पुढचे दोन महिने १३८.

मी काय काय बदललं ते सगळं सांगत नाही. पाण्याचा प्रवाह वाढवला, दाब १८ ते २५ बार फिरवला, वारंवारता फिरवली. यंत्र उलटं टांगून पाहिलं, थंड टोक वर असेल तर नळीतला थंड वायू खाली ढळतो आणि मिसळतो. आमच्या ५० हर्ट्झला त्याने फार फरक पडला नाही. शेवटी सर म्हणाले, "थंड टोकाला काय झालं ते विचारत बसू नकोस. नळीच्या मधल्या भिंतीचं तापमान बघ." पल्स ट्यूबच्या भिंतीवर चार ठिकाणी तापमान मोजणारे पीटी-१०० सेन्सर लावले. (आधी प्रत्येक सेन्सर द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून २० ओहमच्या आसपास येतो का ते पाहिलं. न तपासलेल्या सेन्सरवर विश्वास ठेवून आम्ही एकदा आठवडा घालवला होता.) तापमान गरम टोकाकडून थंड टोकाकडे पायरीपायरीने उतरायला हवं होतं. तसं नव्हतं. गरम टोकापासून नळीच्या निम्म्यापर्यंत जवळपास सारखंच गरम.

म्हणजे कुणीतरी आत ढवळत होतं. ड्रॉइंग काढून बसले आणि पाच मिनिटांत दिसलं. साडेतीन मिलिमीटरची इनर्टन्स ट्यूब १४ मिलिमीटरच्या पल्स ट्यूबमध्ये जवळपास सरळ उघडत होती. सेकंदाला पन्नास वेळा तिथून वायूची पिचकारी आत घुसत होती आणि तो नाजूक वायूचा दट्ट्या फाडून टाकत होती. गरम टोकाच्या तांब्यात मी प्रवाह पसरवायला दोनच जाळ्या ठेवल्या होत्या. जागा वाचवायला.

तांब्याच्या जाड जाळीच्या पंचवीस चकत्या तिथे बसवल्या. पुन्हा जोडणी, पुन्हा लीक टेस्ट, पुन्हा व्हॅक्यूम. तापमान १३८ला थांबलं नाही. १२०, ११०, १००. ९६ला टेकलं. मी त्या रात्री घरी फोन केला. अप्पांना केल्विन कळत नाही, पण ते म्हणाले, "नायट्रोजन किती वर आहे अजून?" म्हटलं, एकोणीस अंश.

ते एकोणीस अंश इनर्टन्स ट्यूबने दिले. साडेतीन मीटरची नळी लावली होती. दर वेळी दहा सेंटिमीटर कापायची, दाब भरायचा, चालवायचं, वहीत लिहायचं. ३.४ मीटरला ९०, ३.२ला ८१, ३.०ला ७२. २.८ला ६६. २.७ला ६३. २.६ला पुन्हा ६५. कापलेले तुकडे मी टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते. त्या एका आठवड्यात मला जे समाधान मिळालं त्याची बरोबरी नंतरच्या कुठल्या शोधनिबंधाने केली नाही.

आणखी एक उपद्रव राहिला होता. यंत्र ६३ला पोचायचं आणि मग तासाला एखाद अंश वर चढत जायचं. रात्रभर चालवलं की सकाळी ७५. बंद करून गरम केलं की पुन्हा पहिल्यासारखं ताजं. याचं कारण आतली ओल. कॉम्प्रेसरच्या कॉइलच्या वॉर्निशमधून, ओ-रिंगांमधून कणाकणाने बाष्प सुटतं, हेलियमबरोबर रीजनरेटरच्या थंड टोकाला जातं आणि जाळीत बर्फ होऊन बसतं. मग आम्ही अख्खं यंत्र सत्तर अंशांना दोन दिवस तापवत व्हॅक्यूमवर ठेवलं, शुद्ध हेलियम पाच वेळा भरून सोडला आणि सहाव्यांदा ठेवला. त्यानंतर तीन आठवडे सलग चालवूनही रेघ हलली नाही.

थंड टोकावर हीटरची तार गुंडाळून ताकद मोजली. ७७ केल्विनला १.३ वॅट, वीज १२० वॅट. दोन वॅट नाहीत. पण लागणार होते ०.५६.

आता डबा. पहिली जोडणी मी सरळ केली. थंड टोकाला तांब्याचा बारा मिलिमीटरचा दांडा, तो गळ्यातून खाली द्रवात बुडवला. इथे एक काळजी घ्यावी लागते. यंत्राने गरजेपेक्षा जास्त थंड केलं तर डब्यातला दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो आणि डबा बाहेरची हवा ओढतो. त्यातला ऑक्सिजन ९० केल्विनलाच द्रव होतो, बाष्प गळ्यात बर्फ होतं. म्हणून दांड्यावर एक छोटा हीटर लावून दाब हवेच्या किंचित वर राखला. वजनकाटा लावला. पहिल्या दिवशी २४० ग्रॅमऐवजी सहा ग्रॅम घटले. दहा दिवसांत एकूण पन्नासच्या आसपास.

अप्पा बघायला मुंबईला आले. येताना पट्टी घेऊन आले होते. त्यांनी काट्याकडे न बघता बूच काढायला लावलं, पट्टी सोडली, काढली, हलवली, बोटं मोजली. मग यंत्राभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "अगं, लाइट गेली तर?"

मी म्हटलं, बंद पडेल, नायट्रोजन पहिल्यासारखा उडेल.

"पहिल्यासारखाच?"

त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वायर काढली आणि काट्यापुढे बसले. दिवसाला ७०० ग्रॅमच्या दराने वजन घटत होतं. तिप्पट. यंत्र बंद पडलं की तीच नळी, तीच जाळी, तोच तांब्याचा दांडा खोलीची उष्णता खाली द्रवात ओतायला लागतात, एकूण १.६ वॅटच्या घरात. आठ तासांचं लोडशेडिंग धरून हिशोब केला. आठ तासांत जाणारा नायट्रोजन, ३०० मिलिलिटर. यंत्र नसताना चोवीस तासांत जातो तेवढाच! आठ तास वीज जाणाऱ्या गावात माझं यंत्र असून नसल्यासारखं होतं, आणि बारा तास जाणाऱ्या गावात ते नुकसान करत होतं.

एवढी वर्षं मी थंडी खाली कशी न्यायची याचाच विचार करत होते. उष्णतेला खाली यायला तोच रस्ता खुला आहे, हे माझ्या ड्रॉइंगमध्ये कुठेच नव्हतं.

दांडा काढून टाकला. त्याच्या जागी पातळ भिंतीची स्टीलची नळी आली, १० मिलिमीटर व्यासाची, २० सेंटिमीटर लांब, द्रवाला न टेकणारी. डब्यातली वाफ नळीतून वर थंड टोकाला जाते, तिथे द्रव होते आणि थेंबाथेंबाने खाली पडते, पिंडीवरच्या अभिषेकपात्रातून पडावी तशी. वीज गेली की वरचं टोक गरम होतं, थेंब थांबतात. गरम वाफ हलकी म्हणून वरच राहते, थंड वाफ खाली. उष्णतेला उतरायला उरते फक्त नळीची भिंत, आणि तिच्यातून एक वॅटच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी येतं. याला थर्मोसायफन म्हणतात. नवीन काही नाही, पुस्तकांत आहे, मी परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं.

नवी जोडणी मे महिन्यात झाली. वीज चालू असताना घट आधीइतकीच, दिवसाला पाच-सहा ग्रॅम. वीज बंद असताना २८० ग्रॅमचा दर, मूळ डब्याहून चाळीस जास्त. आठ तास बंद, सोळा तास चालू, असं टायमर लावून चालवलं तर दिवसाला शंभर ग्रॅमच्या आत.

या पावसाळ्यात तो कंटेनर पाटणला आहे. पंधरा दिवसांतून एकदा मी जाते, फिल्टर बघते, पाण्याऐवजी लावलेल्या पंख्याची धूळ काढते. गेल्या वेळी दोन दिवस सलग वीज नव्हती. अप्पा आता निवृत्त आहेत, पण सोमवारी दवाखान्यात जातात आणि पट्टीवरची बोटं मला फोनवर सांगतात. माझ्या वजनकाट्याच्या नोंदीशेजारी वहीत मी त्यांचा वेगळा रकाना आखला आहे.